वाईनची तुलना घरी करताना: आधी प्रश्न, मग बाटल्या

प्रत्येकाने एकेक बाटली आणायची, चीज-फरसाण मांडायचं, लेबलं वाचत वाचत ग्लास भरायचे आणि शेवटी ‘सगळ्याच मस्त होत्या’ म्हणत रिक्षा बोलवायची. ठाण्यात आणि नवी मुंबईत घरी होणारी बहुतेक वाईन टेस्टिंग अशीच उरकतात. पार्टी म्हणून त्यात वावगं काही नाही. पण पुढच्या आठवड्यात दुकानात उभं राहिल्यावर कोणती घ्यायची ते काही कळत नाही. कारण टेबलावर द्राक्ष वेगळं होतं, गाव वेगळं, साल वेगळं, किंमत वेगळी, शिवाय एक बाटली बर्फगार आणि दुसरी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापून आलेली. आवडली ती नेमकी कशामुळे, हे कोण सांगणार?

खालचे टप्पे सहा ते आठ जणांसाठी आणि साध्या टू बीएचके फ्लॅटसाठी लिहिले आहेत. त्यांचा क्रम शक्यतो मोडू नका. यातल्या बऱ्याच चुका म्हणजे बरोबर गोष्ट चुकीच्या वेळी केलेली असते.

टप्पा १ : एकच प्रश्न कागदावर लिहा

बाटली विकत घेण्याआधी एका वाक्यात प्रश्न लिहायचा. ‘नाशिकची शिराझ आणि ऑस्ट्रेलियाची शिराझ यांत फरक काय?’, ‘दुप्पट पैसे मोजले तर चवीत ते कळतात का?’, ‘शनन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां यांतली आपल्याला कोणती आवडते?’ असा काहीतरी. (शिराझ हे लाल वाईनचं द्राक्ष, शनन ब्लां आणि सोव्हिन्यों ब्लां ही पांढऱ्या वाईनची.) ‘चांगली वाईन कोणती?’ हा प्रश्न चालणार नाही, कारण त्याला उत्तरच नाही.

प्रश्नात जी गोष्ट आहे तेवढीच बाटल्यांमध्ये बदलायची, बाकी होता होईल तितकं सारखं ठेवायचं. पुढचं सगळं या एका नियमासाठी आहे.

*तपासा:* प्रश्नात ‘आणि’ दोनदा आला तर ते दोन प्रश्न आहेत. त्यातला एक पुढच्या वेळेसाठी ठेवा.

टप्पा २ : तुलनेचा प्रकार निवडा

*हॉरिझॉन्टल.* द्राक्ष एक, साल (द्राक्षं तोडली ते वर्ष) एक, वायनरी वेगवेगळ्या. पहिल्या खेपेला हीच करा. एकट्या नाशिक जिल्ह्यातल्या बाटल्यांवर ती सहज जमते. दिंडोरी, निफाड, इगतपुरी या बाजूच्या तीन-चार वायनरींची कॅबर्ने सोव्हिन्यों (हेही लाल वाईनचं द्राक्ष) किंवा सोव्हिन्यों ब्लां ठाण्याच्या मोठ्या दुकानांत एका फेरीत मिळू शकते. एक बारकावा मात्र ध्यानात असू द्या. नाशिकची द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, फ्रान्स-इटलीची सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास. दोन्ही लेबलांवर साल तेच असलं तरी नाशिकची वाईन सहा-आठ महिन्यांनी मोठी असते. पांढऱ्या वाईनमध्ये एवढाही फरक जाणवू शकतो.

*प्रदेशांची.* द्राक्ष एक, माती-हवा वेगळी. कॅबर्ने घेतली तर नाशिकची एक, अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची एक आणि मिळाली तर हम्पी टेकड्यांवरच्या कृष्मा वायनरीची एक. यात किंमतही बदलते, म्हणजे एकाऐवजी दोन गोष्टी बदलल्या. ते टाळता येत नसेल तर निदान किंमत शेवटपर्यंत कोणाला सांगू नका.

*एकाच वायनरीची साधी आणि रिझर्व्ह (वरच्या दर्जाची).* मला सगळ्यात शिकवणारा प्रकार हा वाटतो आणि लोक नेमका हाच करत नाहीत. उदाहरणार्थ, सुलाची साधी शिराझ-कॅबर्ने आणि दिंडोरी रिझर्व्ह शिराझ शेजारी ठेवायची. ओकच्या पिंपात ठेवलेल्या वाईनला व्हॅनिला, लवंग, भाजल्यासारखा वास येतो तो म्हणजे काय, हे दहा मिनिटांत नाकाला कळतं. दोन बाटल्यांत द्राक्षांचं मिश्रणही थोडं वेगळं आहे, तेवढं लक्षात ठेवून निष्कर्ष काढा.

*व्हर्टिकल.* वाईन तीच, सालं वेगवेगळी. ऐकायला भारी वाटतं, पण आपल्याकडे दुकानांत एकाच वाईनची तीन सालं एकावेळी क्वचितच असतात. दरवर्षी एकेक घेऊन साठवायची म्हटलं तर ठाण्याच्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या माळ्यावर ती नासणार. वाईनसाठीचा वेगळा फ्रिज नसेल तर हा प्रकार सोडून द्या.

*त्रिकोणी चाचणी.* ‘मला फरक कळतो’ म्हणणाऱ्यांसाठी. प्रत्येकासमोर तीन ग्लास, दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. निम्म्या लोकांना पहिली वाईन दोन ग्लासांत द्यायची, निम्म्यांना दुसरी. कोणालाही ‘कळत नाही’ म्हणू देऊ नका, अंदाज तरी लिहायला लावा. नुसत्या नशिबाने तीनातला एक बरोबर येतोच, म्हणून सहा जणांत दोघं-तिघं बरोबर आले तर त्यात काही विशेष नाही. सहापैकी किमान पाच किंवा आठपैकी किमान सहा बरोबर आले, तरच फरक खरोखर कळतोय असं धरा.

टप्पा ३ : माणसं आणि मापं

७५० मिलीच्या बाटलीतून ५० मिलीचे १५ घोट निघतात. आठ जणांना एक फेरी वाढली की ४०० मिली संपते आणि पुन्हा चाखायला ३५० मिली उरते. म्हणजे प्रत्येक वाईनची एक बाटली पुरते. लोक इथे चुकतात ते उलट्या बाजूने: बाटल्या जास्त घेतात. चार वाईन पुरेत, सहा म्हणजे कमाल. सहा वाईनचे ५०-५० मिली म्हणजे ३०० मिली, सरळ बाटलीचा दोन-पंचमांश भाग. तेवढं पोटात गेल्यावर शेवटच्या दोन वाईनबद्दलचं मत कोणाचंच भरवशाचं राहत नाही. लाल वाईन असतील तर तोंडात तुरटपणाही साठत जातो.

म्हणून थुंकायची सोय करा. प्रत्येकाला एक उंच, अपारदर्शक कागदी कप आणि मधोमध एक मोठं भांडं. पहिल्यांदा सगळ्यांनाच अवघडल्यासारखं होतं. यजमानाने आधी थुंकून दाखवलं की प्रश्न सुटतो.

*सावध:* गाडी चालवत येणाऱ्याला आधीच नाही म्हणा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल आहे, आणि ‘मी फक्त चाखली’ हे ब्रेथ अ‍ॅनलायझरला कळत नाही. नवी मुंबईची मंडळी ठाण्याला येणार असतील तर ट्रान्स-हार्बर लोकल आहेच. पंचविशीच्या आतलं कोणी बोलावू नका. तारीख पक्की करण्याआधी ड्राय डे आणि निवडणुकीच्या तारखा पाहा.

टप्पा ४ : खरेदी आणि घरी आणणं

दुकानाच्या शोकेसमधली, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नका. आतल्या खोक्यातली मागा. दुकानदार कुरकुरेल, पण देतो. बूच बाटलीच्या तोंडातून वर आलेलं दिसलं किंवा झाकणाच्या कडेला वाईन चिकट सुकलेली दिसली तर ती बाटली कधीतरी तापली आहे असं समजा. ती परत करा.

नाशिकहून वायनरीतूनच आणणार असाल तर ऊन्हाळ्यात बाटल्या डिकीत टाकू नका. कसारा उतरून भिवंडीपर्यंत येता येता बंद डिकीत त्या अक्षरशः शिजतात. एसी चालू असलेल्या गाडीत, मागच्या सीटखाली, चादरीत गुंडाळून आणा.

सगळ्या बाटल्या किमान तीन-चार दिवस आधी एकत्र घरी आणून एकाच जागी ठेवा. एक आठवडाभर फ्रिजमध्ये आणि दुसरी त्याच संध्याकाळी दुकानातून, असं झालं तर तुलना तिथेच बिघडली. शिवाय एक राखीव बाटली घ्या. ती साधी असली तरी चालेल. कशासाठी ते सातव्या टप्प्यात येईल.

टप्पा ५ : खोली, ग्लास आणि खाणं

वाईनची चव बरीचशी नाकात असते, त्यामुळे घरातले वास हाच खरा शत्रू. त्या दिवशी दुपारनंतर उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, मच्छरची कॉइल, काही नको. फोडणी तर अजिबात नको. स्वयंपाक हॉललगत असेल तर जेवण सकाळीच करून ठेवा किंवा बाहेरून मागवा आणि डबे टेस्टिंग संपेपर्यंत उघडू नका. शेजारी सुरमई तळायला घेतली तर खिडकी बंद करून एसी लावा, दुसरा इलाज नाही. पाहुण्यांना निरोपातच लिहा: परफ्यूम, अत्तर, गजरा, सगळं टेस्टिंगनंतर. एप्रिल-मेमध्ये हापूसची पेटी दुसऱ्या खोलीत हलवा. तिच्या वासापुढे कुठलीही पांढरी वाईन टिकत नाही.

ग्लास महाग नसले तरी चालतील, सारखे मात्र हवेत. तोंडाशी आत वळलेले, दांडीचे. आठ जण आणि चार वाईन म्हणजे ३२ ग्लास. एवढे घरात नसतात. केटरिंगचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडे मिळतात, नाहीतर प्रत्येकी दोन ग्लास ठेवून दोन-दोन वाईनच्या फेऱ्या करा. कपाटातून काढलेल्या ग्लासात हमखास लाकडाचा किंवा डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. गरम पाण्याने धुऊन उलटे सुकवा, फडक्याने पुसू नका. साबण लावलाच तर भरपूर पाण्याने खळबळा.

*तपासा:* रिकाम्या ग्लासात नाक घालून हुंगा. कशाचाही वास आला तर पुन्हा धुवा.

चाखताना तोंड साफ करायला पाणी आणि बिनमसाल्याचे, बिनमिठाचे कुरमुरे ठेवा. पांढरा ब्रेडही चालतो. चीज तेव्हा नको: त्यातली प्रथिनं आणि चरबी वाईनचा तुरटपणा झाकतात, मग कडक वाईनही गोजिरी वाटायला लागते. चिवडा, शेव, लोणचं, हिरवी मिरची नंतर. मिठाईचा तर विषयच नको. गोड खाल्ल्यावर कोरडी (गोडवा नसलेली) वाईन नुसती आंबट लागते.

टप्पा ६ : तापमान

‘लाल वाईन रूम टेंपरेचरला’ हा सल्ला ठाण्यासाठी नाही. आपली खोली तीस अंशांची असते. त्या तापमानाला लाल वाईनमधलं अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकीचं काही लागत नाही. साधारण मापं अशी: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची) ६ ते ८ अंश सेल्सियस, पांढरी ८ ते १२, हलकी लाल १३ ते १५, भारदस्त लाल १५ ते १८.

लाल बाटल्या दीड ते दोन तास फ्रिजमध्ये ठेवल्या की त्या आसपास येतात. पांढऱ्या रात्रभर ठेवा आणि वाढण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. घाई झाली तर बादलीत बर्फ आणि पाणी दोन्ही घाला. नुसता बर्फ बाटलीला नीट चिकटत नाही. फ्रीझरमध्ये ठेवून विसरणाऱ्यांची बाटली फुटते, तेव्हा तो मार्ग नको.

आदर्श तापमान साधलं नाही तरी एकवेळ चालेल. सगळ्या बाटल्यांचं तापमान सारखं नसणं मात्र चालणार नाही. एक वाईन दुसरीपेक्षा पाच अंशांनी गार असेल तर तुम्ही फ्रिजच्या कप्प्यांची तुलना करताय. सगळ्या बाटल्या एकाच कप्प्यात, एकाच वेळी ठेवा, एकाच वेळी काढा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पहिल्या घोटात बुडवून पाहा.

टप्पा ७ : उघडणं, तपासणं, झाकणं

हा टप्पा वाढप्याचा. वाढपी म्हणजे जो चाखणार नाही, किंवा चाखेल पण मत देणार नाही असा एक जण. तो वेगळ्या खोलीत काम करतो.

पाहुणे बसण्याआधी अर्धा तास सगळ्या बाटल्या उघडून प्रत्येकीतला चमचाभर घोट हुंगायचा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वर्तमानपत्राचा वास आला तर बूच बिघडलंय. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश आलं तरी बाटली बाद. तिच्या जागी राखीव बाटली. स्क्रू कॅपच्या बाटलीतून आधी जळक्या काडेपेटीसारखा वास आला तर घाबरू नका, ग्लास घोळवल्यावर तो बहुधा जातो. ही तपासणी गाळणारे पुढे तासभर ‘हिला जरा वेगळीच चव आहे’ यावर चर्चा करत बसतात.

मग झाकणं. नुसता वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून भागत नाही. बाटलीचे खांदे, तिचं वजन, बूच की स्क्रू कॅप, यावरून मुरलेला माणूस अर्धं ओळखतो. सगळ्यात चांगलं म्हणजे ग्लास आतच भरून ट्रेमधून आणायचे. ते जमत नसेल तर वाईन सारख्या चार जगांमध्ये ओता. एक जगात ओतली तर चारही ओता, कारण ओतताना वाईनला हवा लागते आणि चव बदलते.

झाकायचं कशाला, असं विचारणारा एक जण असतोच. त्याला बोर्डो विद्यापीठातला प्रयोग सांगा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन बिनवासाचा लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. ही शिकलेली मंडळी. आपण तर लेबल आणि एमआरपी वाचून बसलेले असतो.

ग्लासांना १, २, ३, ४ असे आकडे देऊ नका. ‘एक’ म्हटलं की तो पहिला वाटायला लागतो. तीन अंकी आडवेतिडवे आकडे द्या, समजा ४१७, ९६२, ३५८, २८५. कोणता आकडा कोणत्या बाटलीचा, ती चिठ्ठी वाढप्याच्या खिशात.

टप्पा ८ : क्रम

वेगवेगळ्या जातींच्या वाईन असतील तर ठरलेला क्रम: स्पार्कलिंग, हलकी पांढरी, भारदस्त पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, भारदस्त लाल, सगळ्यात शेवटी गोड. उलटं केलं तर नंतरच्या हलक्या वाईन पाण्यासारख्या लागतात.

पण एकाच जातीच्या चार वाईनची तुलना असेल तेव्हा सगळ्यांना एकाच क्रमाने देणं ही मोठी चूक. पहिल्या ग्लासाला ताज्या तोंडाचा फायदा मिळतो आणि प्रत्येक ग्लासावर आधीच्या ग्लासाची सावली पडते. म्हणून क्रम फिरवा:

पहिला माणूस : ४१७, ९६२, २८५, ३५८
दुसरा : ९६२, ३५८, ४१७, २८५
तिसरा : ३५८, २८५, ९६२, ४१७
चौथा : २८५, ४१७, ३५८, ९६२

पाचव्यापासून पुन्हा पहिल्या ओळीने सुरू. यात प्रत्येक वाईन प्रत्येक जागी एकदा येते आणि प्रत्येक दुसऱ्या वाईनच्या मागे बरोबर एकदा. चार किंवा आठ जण असतील तर हिशेब पुरा बसतो.

*तपासा:* ५० मिली मापाच्या कपाने घाला, अंदाजाने नको. ज्या ग्लासात जास्त, त्याला जास्त वास.

टप्पा ९ : चाखा, लिहा, बोलू नका

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग पाहा. न हलवता एकदा हुंगा, मग घोळवून पुन्हा. छोटा घोट, तोंडभर फिरवा, थुंका, आणि चव किती वेळ रेंगाळते ते मनात मोजा. पाणी, दोन-चार कुरमुरे, मिनिटभर थांबून पुढचा ग्लास. सगळे झाले की पुन्हा पहिल्याकडे या. दुसऱ्या फेरीतलं मत बहुधा जास्त पक्कं असतं.

कागदावर चारच रकाने: वास, आंबटपणा, तुरटपणा, चव रेंगाळणं. शेवटी आवडीचा क्रम, १ ते ४. शब्द आपल्या घरातले वापरा. सोव्हिन्यों ब्लांमध्ये पेरू, कापलेलं गवत, ढोबळी मिरची सापडते, शिराझमध्ये काळी मिरी. ‘गूसबेरी’ कधी खाल्ली नसेल तर ती लिहू नका.

लिहून होईपर्यंत गप्प. एकाने ‘यात काहीतरी तुपकट आहे ना?’ म्हटलं की पुढच्या मिनिटात आठही जणांना तूप यायला लागतं, विशेषतः बोलणारा ऑफिसात वरिष्ठ असेल तर. चेहरे आणि ‘ह्म्म्’सुद्धा नकोत. मोबाइल उलटे ठेवा, कारण एकजण तरी आकड्यांवरून काहीतरी शोधत बसतो.

टप्पा १० : बेरीज आधी, नावं नंतर

दहापैकी गुण देण्यापेक्षा क्रम बरा. कोणी सगळ्यांना आठ देतो, कोणी सगळ्यांना पाच, आणि मग सरासरीत हात सैल सोडणाऱ्याचंच चालतं. प्रत्येक वाईनला मिळालेल्या क्रमांकांची बेरीज करा. सगळ्यात कमी बेरीज ती सगळ्यात आवडती. आठ जण आणि चार वाईन असतील तर दोन बेरजांमधला फरक १३-१४ च्या वर गेल्याशिवाय ‘ही तिच्यापेक्षा सरस’ असं ठामपणे म्हणू नका. त्याखालचा फरक योगायोगानेही पडतो. बहुतेक संध्याकाळी अव्वल आणि शेवटची यांतच तेवढं अंतर निघतं, मधल्या दोघी बरोबरीच्या.

बेरीज जाहीर करा, मग चर्चा, आणि सगळ्यात शेवटी चिठ्ठी. चिठ्ठी आधी उघडली की माणसं आपापले कागद खोडायला घेतात. खोडाखोड होऊ नये म्हणून कागद पेनने लिहायला लावा आणि बेरजेआधीच गोळा करा.

उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरून, झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा, लालसुद्धा. तीन ते पाच दिवस चालते. आता चीज काढा, डबे उघडा आणि त्याच चार वाईन जेवणाबरोबर पुन्हा घेऊन पाहा. नुसती चाखताना शेवटची आलेली वाईन कोंबडीच्या रश्शाबरोबर वर येऊ शकते. तो मात्र वेगळा प्रश्न, त्याला वेगळा कागद. वाढप्याला यातलं फारसं काही चाखायला मिळालेलं नसतं, तेव्हा त्याचा ग्लास आधी भरा आणि पुढच्या खेपेचा वाढपी आत्ताच ठरवून टाका.